पाळीचं भांडण का थांबलं

ही केस मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गोटमारीच्या जत्रेतल्या दगडफेकीत बंदोबस्ताला उभं राहून डोकं फोडून घेतलं. पण कोणी विचारलं की दरोगाजी, एखादी केस सांगा, तर मी हीच सांगतो. नाव एकाचंही लिहीत नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल, त्याला माझा इलाज नाही.

आधी माझं सांगतो. शाळा आठवीत सुटली. साधा आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झालो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. खांद्यावरची प्रत्येक फीत मी कमावलेली आहे, कोणाच्या चिठ्ठीवर आणलेली नाही. लिहिण्यात माझी चूक निघेल. केसमध्ये कोणी काढून दाखवावी.

पांढुर्णा नवीन जिल्हा झाला, त्यानंतरची गोष्ट. आंबिया बहाराची तोडणी जोरात होती. रस्त्यानं जिकडेतिकडे संत्र्याच्या गाड्या. सकाळची गणना, म्हणजे हजेरी, आटोपून आरक्षकांना ड्युटी वाटून दिली आणि मी टेबलावर बसलो. समोर चरित्र सत्यापनाचे कागद पडले होते. सरकारी नोकरी लागली की त्या माणसाचं चालचलन थान्यातून तपासून जातं, ते काम माझ्याकडे होतं. त्यातला वरचा कागद एका पोरीचा होता. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. परीक्षा पास, दौड पास, आमची सही तेवढी बाकी.

इतक्यात संत्र्याचे एक मोठे व्यापारी थान्यात आले. त्यांना सगळा बाजार सेठ म्हणायचा, मीही सेठच म्हणतो.

"दरोगाजी, भरलेला ट्रक गेला माहा. डायवरचा फोन बंद आहे. हैदराबादची पार्टी म्हणते, आम्ही माल मागवलाच नाही."

"गेटातून सुटला कसा?"

"पासवर सुटला. आन् पास जिनं काढला ते पोट्टी माह्या ऑफिसात बसली आहे. धरून आना."

त्यांनी पोरीचं नाव सांगितलं. मी समोरचा कागद पाहिला. नाव तेच.

मी कागद उलटा करून ठेवला आणि टोपी घातली.

सेठच्या यार्डात मोठा शेड आहे. बाया ओळीनं बसून संत्र्याची छाटणी करतात. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे, डागाचं वेगळं. त्यातच पोरीची आई बसलेली होती. मला पाहून तिचे हात थांबले. पोरगी ऑफिसात खुर्चीवर. मला पाहून उभी राहिली.

"जयभीम काका."

"जयभीम. बस."

तिला मी विचारलं, ट्रकचा पास तू काढला का? ती म्हणाली नाही. मग कोणी काढला? म्हणाली माहीत नाही. चौकीदार म्हणाला, "साहेब, गेटावरच्या प्रिंटरातून कागद निघाला, मी गेट उघडलं. माहं काम तेवढंच आहे." आणि पास निघतो तो एकाच मशीनीतून. पोरीच्या टेबलावरच्या.

आता ही मशीन समजून घ्या, कारण सगळी केस तिच्यात आहे. सेठची तीन ठिकाणं. पांढुर्ण्यात यार्ड, रामाकोन्याला दुकान, मोहगावला दुकान. हिशेबाचा, शेतकऱ्याला मालाची पर्ची देण्याचा, गेटावरच्या पासचा सगळा कारभार पांढुर्ण्याच्या एका कम्प्युटरमध्ये. दुकानांवर एकेक जुना डबडा ठेवला होता. त्याच्यातून नेटवरून ह्या मोठ्या मशीनीत शिरायचं आणि जणू तिच्यापुढंच बसलो आहोत असं काम करायचं. ते लोक त्याला 'मशीनवर चढणं' म्हणायचे. चढायला तिन्ही ठिकाणांचं नाव एक, पासवर्ड एक, तो म्हणजे सेठच्या आईचं नाव. सेठची ऐट अशी, की घर एक आहे तर कुलूपही एक. म्हणून मशीनीला विचारलं पास कोणी काढला, तर ती सेठच्या फर्मचं नाव सांगायची आणि गप्प बसायची.

सौंसरचा एक कम्प्युटरवाला ही व्यवस्था बघायचा. त्याचं बयान आमच्या थान्याचे प्रमुख, टी.आय. साहेबांनी स्वतः घेतलं. तो म्हणाला, "सर, एका टाइमाला एकच माणूस. दुसरा चढला की पहिल्याची स्क्रीन बंद. मशीनच तशी असते."

मग साहेबांनी पोरीला विचारलं, "त्या दिवशी तुझी स्क्रीन बंद झाली होती?"

"नाही सर. एकदाही नाही. मी दिवसभर काम करून राहिली होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, मामला साफ है. कुर्सी एक, आदमी एक."

साहेब वयानं लहान, पण अधिकारी चांगले. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पोरीच्या खऱ्या बोलण्यानंच तिच्या गळ्यात फास पडला होता. मी मात्र अडून बसलो. चोर माणूस पोलिसापुढं आपल्यासाठी एक खिडकी उघडी ठेवतो. "हो साहेब, स्क्रीन गेली होती थोडा वेळ" एवढं म्हटलं असतं तर सुटली असती. तिनं ती खिडकी स्वतःच लावून घेतली. असा चोर मी पाहिला नाही.

मी म्हटलं, "साहेब, अपराध अज्ञातावर दर्ज करू. नाव आज लिहू नका. एकदा लिहिलं की तिची नोकरी गेली. मग कोर्टानं सोडली तरी ती छाटणीच्या ओळीत बसणार."

"सेठ ऊपर बात करेंगे, दादा."

"करू द्या. मी खालून शोधतो."

साहेब हसले. म्हणाले, जास्त थांबता येणार नाही.

पहिला धागा बोरगावकडून आला. तिथं रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणारा एक जण मला बातम्या देणारा जुना मुखबीर होता. त्याचा निरोप आला, भेटून जा. गेलो.

"साहेब, ट्रक मोठ्या रस्त्यानं गेलाच नाही. वावराच्या धुऱ्यावर उभा केला. दिवसाढवळ्या दोन पिकअपमध्ये माल पलटी केला."

"माणूस कोण?"

"तोंडाले दुपट्टा बांधून होता. पर साहेब, एक गोठ सांगतो. चोर असता तं घाईत असता ना? हा तं हमालांवर वरडून राहिला होता, डागाचा माल वेगळा ठेवा म्हनून. चोरीचा संत्रा निवडून राहिला होता बाप्पा!"

मला हसू आलं, पण गोष्ट कामाची होती. चोरीच्या मालातही डागाचं फळ ज्याला सहन होत नाही, तो धंद्यातला माणूस. आणि गेटावर पास कसा येतो हे माहीत असलेला, म्हणजे सेठच्याच घरातला. पण ह्यानं पोरगी सुटत नव्हती. साहेब म्हणाले असते, तिनं पास काढला, ह्यानं माल नेला.

मग मी साध्या कपड्यात रामाकोन्याला गेलो. तिथला मुनीम म्हातारा, सेठच्या वडिलांपासूनचा. त्याला मी कम्प्युटरचं काही विचारलं नाही. पोलिसानं ज्या गोष्टीचं पाहिजे तिचंच विचारलं तर माणूस तेवढंच बोलतो. मी तोडणीचं विचारलं, गुडघेदुखीचं विचारलं. चहा आला. मग तो आपणच सुरू झाला.

"दरोगाजी, ह्या डबड्यानं लय तरास देल्ला आम्हाले. मी चढलो की मोहगाववाला मले ढकलून चढे. अर्धी पर्ची झाली की स्क्रीन काळी! मग फोन. उतर बे, माहा शेतकरी उभा आहे. तो म्हने, तुम्ही उतरा काका, माह्याकडे रांग आहे. पांढुर्ण्याची पोट्टी वेगळीच वरडे. रोज तमाशा."

"आता?"

"आता नाही. आता पोट्टा सुधरला. काही दिवसांपासून मले एकदाही धक्का नाही देल्ला. मोठ्या मानसाची कदर करून राहिला. मी तं सेठलेही सांगितलं, तुमचा भाचा चांगला निघाला म्हनून."

मोहगावचं दुकान सेठचा सख्खा भाचा बघायचा.

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण मला सौंसर तहसीलमधली एक जुनी फौजदारी आठवली. दोन भाऊ, सामायिक विहीर, संत्र्याच्या ओलिताला पाळ्या ठरलेल्या. उन्हाळा आला की पाळीवरून कुऱ्हाडी निघायच्या, मी स्वतः दोघांना कितीदा थान्यात बसवलं. एका वर्षी भर उन्हाळ्यात दोघं शांत. गावानं म्हटलं, देव पावला. मी विहिरीवर गेलो. धाकट्यानं जमिनीखालून त्याच विहिरीत दुसरा पाइप सोडला होता. थोरल्याची मोटर सुरू असताना ह्याचीही सुरू. थोरल्याला वाटे, भाऊ समजदार झाला. पाळीवरून भांडणारा माणूस पाळी सोडत नसतो. त्याचं पोट दुसरीकडून भरलं की मगच तो भांडायचं सोडतो.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "मोहगावला मालाची तुलाई कमी झाली का इतक्यात?"

"कमी कायची? माह्यापेक्षा जास्त आहे त्याची."

म्हणजे काम वाढलं आणि पाळी मात्र मागत नाही. मला जे पाहिजे होतं ते मिळालं.

तिथून सौंसरला आलो आणि कम्प्युटरवाल्याला तिथल्या थान्यात बोलावलं. पंचवीस-तिशीचा, नवीन लग्न झालेला. त्याला बाकावर बसवलं आणि मी माझे कागद करत राहिलो. पाणी दिलं, चहा दिला, प्रश्न दिला नाही. मारण्यानं माणूस खोटं बोलतो, वाट पाहण्यानं खरं बोलतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव आहे. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "सर, मला कायले बसवलं?"

"त्या मशीनीत दुसरा पाइप तू टाकला ना?"

"कोनता पाइप?"

"मोहगावचा."

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "सर, मी चोरी नाही केली. भाचे साहेब म्हनाले, रोजची भांडनं आहेत, सगळ्यांचं एका वेळी चालू करून दे. ते होते सर. मशीनीत एक पाबंदी असते, ते काढून टाकावी लागते. मग प्रत्येकाले आपली वेगळी स्क्रीन दिसते. एक दुसऱ्याले दिसत नाही, कोनी कोनाले ढकलत नाही."

"मग टी.आय. साहेबांपुढं एका टाइमाला एकच का म्हटलं?"

"ते पाबंदी काढाचा माल नंबर दोनचा होता सर. फुकटातला. मले वाटलं तुम्ही त्याच्यातच धरान. आन् भाचे साहेबांनी सांगितलं होतं, मामाले बोलू नको, सरप्राइज देऊ."

"दिलं ना सरप्राइज," मी म्हटलं.

त्याला समजावून सांगितलं, की बाबा, तुझ्या नंबर दोनपायी एक पोरगी नंबर एकची चोर ठरून राहिली आहे. तो रडला. मी रडू दिलं. मग नवीन बयान लिहून घेतलं.

आता भाचा. त्याला मी पकडायला गेलो नाही, भेटायला गेलो. मोहगावच्या दुकानात बसलो, त्यानं खुर्ची पुसून दिली.

"काय मग भाऊ, त्या दिवशी ती पोट्टी मशीनवर होती म्हणते दिवसभर. तुझं काम कसं झालं?"

"कायचं काम होते दरोगाजी! ते उतरलीच नाही. मी फोन करू करू थकलो. दिवसभर हात बांधून बसलो."

"पक्कं?"

"आईची शप्पथ."

"लिहून घेऊ?"

"घ्या ना."

घेतलं. सहीही घेतली. बाहेर पडून मी हमालांजवळ बिडी मागितली आणि विचारलं, त्या दिवशी काम बंद होतं म्हणतात तुमचं? हमाल एकमेकांकडे पाहून हसले. एक म्हणाला, "बंद? अजी, त्या प्रिंटरचं कर्रकर्र ऐकून डोकं उठलं होतं. पर्चीवर पर्ची." माल घेऊन आलेली एक शेतकरीण बाई गाडीवर बसली होती, तीही बोलली, "मी त्याच दिवशी आली होती. माह्या हातात पर्ची देऊन हा म्हने, मावशी, आज फटाफट काम आहे."

मशीन पांढुर्ण्याला, पोरगी तिच्यावर बसलेली, आणि मोहगावला पर्च्या निघून राहिल्या. म्हणजे भाचा त्या दिवशी मशीनीत होता. आणि 'मी नव्हतो' असं तो सही करून सांगत होता. निर्दोष माणसाला हे खोटं बोलायची गरजच नव्हती.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दादा, बात जम रही है. पर आँख से देखना है."

"दाखवतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यार्डात सगळ्यांना जमवलं. सेठ, साहेब, पंच. भाच्यालाही बोलावलं, मामाची मदत करायला म्हणून. कम्प्युटरवाल्याला एका आरक्षकासोबत मोहगावच्या दुकानात बसवून ठेवलं. रामाकोन्याच्या मुनिमाला फोनवर सांगितलं, तुमचं नेहमीचं काम करा. पोरीला खुर्चीवर बसवलं. शेडातल्या बाया हातातली संत्री तशीच धरून दरवाज्यात उभ्या राहिल्या. पोरीची आई सगळ्यात मागे.

"पोरी, पर्च्या काढ. थांबू नको."

ती काढत राहिली. साहेब तिच्या खांद्यामागं उभे राहून स्क्रीन पाहत होते. सेठ पुटपुटले, "हे काय नाटक लावलं दरोगाजीनं?" मी मोहगावला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "सोड."

ऑफिसात काहीच झालं नाही. पोरीची स्क्रीन तशीच, हात तसेच चालू. दुसऱ्या फोनवर रामाकोन्याचा म्हातारा म्हणत होता, "माहं बी चालू आहे जी." आणि तेवढ्यात बाहेरून चौकीदार धावत आला. हातात कागद.

"सेठजी, पास आला! गाडी कोनती सोडू?"

साहेबांनी कागद हातात घेतला, पोरीच्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सेठ मटकन खुर्चीवर बसले. भाचा दरवाज्याकडे सरकला, पण तिथं बाया उभ्या होत्या आणि त्या सरकल्या नाहीत.

थान्यात तो फार टिकला नाही. पास काढून झाल्यावर तोंडाला दुपट्टा बांधून धुऱ्यावर तोच गेला होता. त्यानं सांगितलं ते असं. मामानं त्याला धंद्यात भागीदार करतो म्हणून मोहगावला बसवलं आणि बसवूनच ठेवलं. "मामानं मले नोकर बनवून टाकलं, साहेब." मी म्हटलं, तुझं आणि मामाचं तुम्ही पाहा, त्या पोरीनं तुझं काय केलं होतं?

तो म्हणाला, "तिले तं नोकरी लागली होती साहेब. ते तशीही चालली होती. तिचं काय बिघडलं असतं?"

नोकरीत मी आरोपीवर हात क्वचितच उचलला. त्या वेळी हात खिशात घालून मी बाहेर उभा राहिलो.

पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे नवीन पोरांनी लक्षात ठेवावं. माल दाखवला तर केस उभी राहते. संत्रा काही पुरून ठेवता येत नाही, तो तर केव्हाच विकला गेला होता. पण भाच्याच्या सांगण्यावरून पंचांसमोर त्याच्या सासऱ्याच्या बगीच्यातल्या झोपडीतून सेठच्या छापाचे रिकामे कॅरेट जप्त केले. ट्रकचा ड्रायव्हर मिळाला, पिकअपवाला मिळाला, माल घेणारा मिळाला. मशीन सील करून सायबरवाल्यांकडे पाठवली. त्यांचा अहवाल नंतर आला आणि त्यात तेच निघालं.

सेठनी पोरीच्या घरी संत्र्याचा एक कॅरेट पाठवला. तिच्या आईनं तो दारातूनच परत केला. हमालाला म्हणाली, "सेठले सांगजा, माह्या पोरीले चोर म्हटलं ते शेडात, सगळ्या बायांसमोर. घरी कायले पाठवता?" सेठ हट्टी माणूस. काही दिवस गेले. मग एका सकाळी शेडात येऊन सगळ्यांसमोर दोन शब्द बोलले. चांगले बोलले नाहीत, पण बोलले. मला तेवढं पुरे वाटलं. तिच्या आईला पुरे वाटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

ह्या केसनं मला जे शिकवलं ते लिहितो. थाना भांडणाच्या मागं धावतो. तक्रार आली की आम्ही गाडी काढतो. पण जिथं रोजचं भांडण एकाएकी बंद पडलं आणि त्याचं कारण कोणाला सांगता येत नाही, तिथं जाऊन पाहावं. एका वस्तूवर तीन जणांचा हक्क असेल तर थोडी ओढाताण होणारच, आणि ती कानावर येते तोवर तिघं एकमेकांवर नजर ठेवून असतात. आवाज बंद झाला की नजरही बंद होते. मशीन नवी आली म्हणून माणूस नवा होत नाही. मला त्या मशीनीतलं तेव्हाही काही समजत नव्हतं, आजही समजत नाही. विहीर समजत होती.

सेठनी आता प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला आहे, आणि एका वेळी एकच माणूस ही पाबंदी परत लावली आहे. परवा रामाकोन्याचा म्हातारा बाजारात भेटला. म्हणाला, मोहगावचा नवीन मुनीम लय खडूस आहे, पुन्हा भांडणं सुरू झाली. मी म्हटलं, चांगलं आहे, चालू द्या.

आणि तो उलटा ठेवलेला कागद. जप्ती झाली त्या संध्याकाळी तो सुलटा केला. 'चालचलन उत्तम, कोणताही अपराध दर्ज नाही' असं माझ्या हातानं लिहिलं आणि साहेबांची सही घेतली. साहेब म्हणाले, दादा, लिखावट थोडी सुधारो. मी म्हटलं, वाचता येते ना?

ट्रेनिंग आटोपून पोरगी पहिल्या सुटीवर आली तेव्हा वर्दीतच यार्डात गेली, आईला घ्यायला. मी गेटाजवळ चौकीदारासोबत बसलो होतो. चौकीदार उठून उभा राहिला, त्याच्यासोबत मीही. सगळ्या बाया पाहत राहिल्या. आईनं मान वर केली, लेकीला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि पुन्हा संत्र्याला हात घातला.

"थांब," ती म्हणाली. "एवढा ढीग होऊ दे."